यंत्र शब्द कसे ताडून पाहते?

आपल्या शहराचे लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर हे तीन भाग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पत्रांची या भागांप्रमाणे वाटणी करण्याचे काम संगणकावर सोपविले, तर त्याला सांगावे लागते : पत्ता ‘लष्कर’ असेल तर या पेटीत टाक, ‘मुरार’ असेल तर त्या पेटीत. आपण शब्द एका दृष्टिक्षेपात ओळखतो. यंत्र मात्र एकेक चिन्ह पडताळते. ‘ग्वाल्हेर’ आणि ‘ग्वालियर’ यांतील ग, हलन्त, व, काना, ल ही पहिली पाच चिन्हे सारखीच. भेद कळतो तो सहाव्या चिन्हाशी. नावे शेकडो असली, तर शेवटच्या नावाचे पत्र आधीच्या प्रत्येक नावाशी ताडावे लागेल.

हे श्रम वाचविण्याची युक्ती कंपायलर योजतो. कंपायलर म्हणजे आपल्या आज्ञा यंत्राला समजतील अशा सूचनांत उतरविणारा दुभाषा. कित्येकदा प्रथम लांबीच पाहिली जाते : ‘ग्वाल्हेर’ची चिन्हे ९, ‘ग्वालियर’ची ८, निकाल तेथेच लागला. जावा भाषेतील युक्ती याहून सुंदर आहे. २०११ साली आलेल्या तिच्या सातव्या आवृत्तीपासून ‘स्विच’ नावाच्या रचनेत शब्द घालता येतात. (नुसती ‘जर-तर’ची साखळी लिहिणाऱ्यास हा लाभ नाही.) तेथे कंपायलर प्रत्येक नावाचा एक अंक आधीच काढून ठेवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. पहिला क्रमांक ३१ ने गुणावा, त्यात दुसरा मिळवावा, बेरीज पुन्हा ३१ ने गुणून तिसरा मिळवावा, असे शेवटपर्यंत. मग आलेल्या शब्दाचा अंक एकदा काढला, की थेट त्या अंकाच्या खणाकडे जावयाचे.

मग अक्षरे पडताळण्याचे कारणच काय उरले? आम्ही कलाशाखेचे, तरी कागदावर हिशेब मांडून पाहिला. ‘दे’ या शब्दात द २३४२ आणि मात्रा २३७५. अंक आला ७४९७७. ‘धन’ या शब्दात ध २३४३ आणि न २३४४. अंक पुन्हा ७४९७७! लांबीही सारखीच. (आमच्या कोकणीतले ‘दी’ घेतले असते, तर हा योग टळला असता.) म्हणून अंक जुळल्यावरही कंपायलर पूर्ण शब्दाची एक तुलना राखून ठेवतो, गाळतो त्या केवळ निष्फळ तुलना. मुरारचे पत्र लष्कराच्या पेटीत पडले, तर ते किती त्वरेने पडले याचे कौतुक कोण करील?

‘बा’ आणि ‘भट’ ही जोडीही अशीच आहे. ब २३४८, काना २३६६, भ २३४९, ट २३३५. विद्यार्थ्यांनी ताळा करून पाहावा.