रेडिओवरची जुनी गाणी आणि आपल्या वस्तीची आठवण

1970 ते 1974 या चार-पाच वर्षांतली सिनेमाची गाणी आज पन्नास वर्षांनंतरही कानावर पडतात. विविध भारतीवर लागतात, लग्नाच्या बँडवर वाजतात, तरुणांच्या मोबाईलवरही असतात. ‘आराधना’नंतरचा किशोरकुमार, राहुलदेव बर्मनची गिटार, आशा भोसलेंचा आवाज, ‘बॉबी’मधली कोवळी प्रेमगीते आणि आपल्या मराठीत ‘सोंगाड्या’ आणि ‘पिंजरा’. हे ऐकून आपल्या घरातली वडीलधारी माणसे हातातले काम थांबवतात. का थांबवतात, हे घरातल्या मुलांनी त्यांना कधी विचारले आहे काय?

वाशिमच्या आमच्या वस्तीत यंदा वर्षावासात ग्रंथवाचन संपल्यावर विहाराच्या ओट्यावर या गाण्यांचीच चर्चा रंगली. एका मुलाने मोबाईलवर त्या काळातली पंधरा-वीस गाणी लावली. एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक, एक निवृत्त गुरुजी, दोन-तीन आजीबाई आणि आम्ही कार्यकर्ते असे बसलो होतो. करमणुकीसाठी सुरू झालेली चर्चा पुढे बरीच गंभीर झाली. त्यातले काही वाचकांसमोर ठेवावे असे वाटते.

आवाजाला विटाळ नाही

त्या काळी वाशिम अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. वीज सगळ्या वस्त्यांत नव्हती. रेडिओ घेतला की पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागे आणि दर वर्षी फी भरावी लागे. मजुरी करणाऱ्याला ती फीसुद्धा जड होती. त्यामुळे वस्तीत एखाद-दुसऱ्या घरीच ट्रान्झिस्टर असायचा. त्याला चामड्याचे कव्हर असायचे, आणि संध्याकाळी त्याच्याभोवती सगळी गल्ली जमायची.

गुरुजींनी आपल्या लहानपणच्या खेड्यातली गोष्ट सांगितली. पंचायतीचा रेडिओ चावडीवर होता. गावातली माणसे ओट्यावर बसत आणि आपली माणसे खाली, रस्त्याच्या पलीकडे. पण गाणे मात्र दोन्हीकडे सारखेच पोहोचायचे. गुरुजी म्हणाले, “पाण्याला विटाळ लावला, देवळाला लावला, पण आवाजाला कोणी लावू शकले नाही.”

रेडिओचा दुसरा किस्साही सांगितला पाहिजे. सायकल, घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तू त्या काळी लग्नात मागितल्या जात, आणि आपल्या समाजातही मागितल्या गेल्या. एका आजीबाईंच्या वडिलांनी रेडिओसाठी कर्ज काढले होते. त्या म्हणाल्या, “गाणं लागलं की मले बापाचं कर्ज आठवे.” आज रेडिओच्या जागी मोटारसायकल आली आहे. हुंडा गेलेला नाही, त्याने फक्त वस्तू बदलली आहे.

बुधवारची रात्र

सगळ्यांच्या आठवणीत ठाण मांडून बसलेला कार्यक्रम म्हणजे बिनाका गीतमाला. 1952 साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली, आणि लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली. पुढे 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीलाच विविध भारती काढावी लागली. लोकांना काय आवडावे हे वरून ठरवता येत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

अमीन सायानी श्रोत्यांना हाक मारताना बहिणींचे नाव आधी आणि भावांचे नंतर घेत. आजीबाईंनी हे आवर्जून सांगितले. ज्या काळात घरात बाईला शेवटी जेवायला बसावे लागे, त्या काळात रेडिओवर कोणीतरी तिला पहिला मान देत होते. सायानी 2024 साली वारले.

वर्षाच्या शेवटी कोणते गाणे पहिले येणार यावर वस्तीत पैजा लागत. वाहकसाहेबांना क्रम तोंडपाठ आहे. 1971 साली ‘अंदाज’मधले राजेश खन्नाचे मोटारसायकलवरचे गाणे, 1972 साली ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले आशाबाईंचे, 1973 साली ‘जंजीर’मधले मन्ना डेंचे आणि 1974 साली ‘कोरा कागज’मधले किशोरकुमारचे.

हा क्रम कसा ठरे? एक तर दुकानात कोणत्या गाण्याच्या तबकड्या किती खपल्या त्यावरून. पण तबकडी घेणार कोण? ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे तो. आपल्या वस्तीत ग्रामोफोन कोणाकडे होता? म्हणजे त्या हिशेबात आपल्या आवडीला किंमत शून्य. पण क्रम ठरवताना गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही विचारात घेतली जाई. तिथे पैसा लागत नव्हता, पोस्टकार्ड लागत होते. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मूल्य सारखे राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. तबकडी आणि पोस्टकार्ड यांच्यातला फरक नेमका हाच आहे.

फर्माईशीचेही तेच. बिहारमधल्या, आताच्या झारखंडमधल्या, झुमरीतिलैया या लहानशा गावाचे नाव केवळ पोस्टकार्डांमुळे देशभर झाले. आपल्या वस्तीतल्या पोरांनीही कार्डे पाठवली. एकदा वाहकसाहेबांचे नाव गावासह रेडिओवर वाचले गेले. ते म्हणाले, “गावात मला नुसत्या नावानं, तेही अर्ध्या नावानं हाक मारत. त्या दिवशी पूर्ण नाव ऐकलं, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.”

दुष्काळात गाणी

1972 चा दुष्काळ आठवल्याशिवाय त्या गाण्यांची आठवण पुरी होत नाही. एक आजीबाई तेव्हा गिट्टी फोडायला जात. पोटाला सुकडी आणि मिलो ज्वारी. मुकादमाच्या ट्रान्झिस्टरवर ‘पिंजरा’ची गाणी लागत. बायका त्या ठेक्यावर हातोडा मारत. त्या म्हणाल्या, “गाण्यानं पोट भरत नव्हतं बाबा, पण दिस निघून जाये.” त्याच साली मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. गुलाबी गाणी आणि धगधगती चळवळ ही दोन्ही एकाच वर्षाची आहेत, आणि आपल्या माणसांनी ती दोन्ही एकाच अंगावर वागवली.

यावर एक तरुण कार्यकर्ता चिडून म्हणाला, “ही गाणी आपली नव्हेतच. त्यांनी आपल्या लोकांना झोपवलं.” गुरुजींनी त्याला गीतकार शैलेंद्र यांची माहिती दिली. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करणारा हा कवी. त्यांचे कुटुंब मूळचे बिहारमधल्या दलित समाजातले, हे त्यांच्या मुलाने बऱ्याच वर्षांनी लिहिले. 14 डिसेंबर 1966 रोजी ते गेले, तरी 1970 च्या ‘मेरा नाम जोकर’मध्ये त्यांच्या नावाचे गाणे आहे. आपण ती गाणी गुणगुणत राहिलो, पण कवी कोण हे आपल्याला कोणी सांगितले नाही. तेव्हा सिनेमाचे गाणे सरसकट परके म्हणून टाकून देणे बरोबर नाही. त्यात आपल्या माणसांचा घाम आहे.

मग आपली गाणी कुठे गेली?

तरीही त्या तरुणाच्या प्रश्नात तथ्य आहे. त्याच वर्षांत वामनदादा कर्डक गावोगाव फिरत होते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप गात होते. जयंतीला रात्रभर सामने होत, माणसे बैलगाडीने येत. पण फर्माईशीच्या कार्यक्रमात भीमगीत लागल्याचे आमच्या ओट्यावर एकालाही आठवले नाही. मोठ्या गायकांचे काही तबकड्यांवर आणि पुढे कॅसेटवर आले. पण खेड्यातल्या गायन पार्ट्यांचे काय? हार्मोनियम, ढोलकी आणि खंजिरीवर ज्यांनी आपल्याला जागे केले, त्यांची गाणी वह्यांत राहिली. त्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत, काही पावसात भिजून गेल्या.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही 2004 सालीच गेले. विठ्ठल उमप 26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. 1972 साली विशीत असलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. सिनेमाचे गाणे हरवणार नाही, त्याच्यामागे कंपन्या उभ्या आहेत. आपल्या आजीच्या तोंडातले भीमगीत मात्र आजीबरोबर जाईल.

बाबासाहेबांनी रेडिओ या साधनाचे मोल ओळखले होते. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी सांगितले होते की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. त्या काळी रेडिओ सरकारच्या हातात होता. आज मात्र प्रत्येकाच्या खिशात आवाज साठवण्याचे यंत्र आहे. औरंगाबादच्या कडूबाई खरात यांचा एकतारीवरचा आवाज मोबाईलवरूनच घराघरांत गेला.

म्हणून आमची विनंती आहे. प्रत्येक विहाराने एक संध्याकाळ यासाठी द्यावी. वडीलधाऱ्यांना त्यांच्या आवडीची सिनेमाची गाणी ऐकवा, म्हणजे त्यांचे मन मोकळे होईल. मग त्यांना त्या काळची भीमगीते म्हणायला सांगा आणि मोबाईलवर साठवा. गाणारा कोण, कवी कोण, कोणत्या गावच्या पार्टीने ते म्हटले आणि साधारण कोणत्या साली, एवढे एका वहीत लिहा. जुन्या वह्यांचे फोटो काढा. याला वर्गणी लागत नाही आणि पावतीपुस्तक छापावे लागत नाही.

आमच्या ओट्यावर पहिल्या रात्री अकरा गाणी जमली. त्यातली चार कोणाची ते एकालाही सांगता आले नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या भागातल्या वाचकांनी आपापल्या घरी विचारून पाहावे. कवीचे नाव माहीत असलेले कोणी अजून आहे, तोवरच विचारावे.

जयभीम!