“सिस्टर नुसती लिहीतच बसलीये”: लेबर रूममध्ये ती नेमकं काय करते?

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिखित. बोललोय जवळपास तसाच ठेवलाय.

डिलिव्हरीसाठी कुणाला ॲडमिट केलं की बाहेरच्या बाकड्यावर तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. “डॉक्टर अजून आलेच नाहीत.” “सिस्टर नुसती लिहीत बसलीये.” आणि बाळ झाल्यावर, “एवढी दमलीये पोरगी, तरी ही बाई तिचं पोट दाबतेय!”

आधी लिहिण्याचं बघू. कळा नीट सुरू झाल्या की ती भरत असते तो पार्टोग्राफ. साधा आलेख. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला, दहा मिनिटांत कळा किती आणि प्रत्येक कळ किती सेकंदांची तेही अर्ध्या तासाला, बीपी दर चार तासांनी, पिशवीचं तोंड किती सेंटीमीटर उघडलं तेही साधारण चार तासांनी. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या बाहेर गेले किंवा तोंड उघडायचा वेग मंदावला, की ते कागदावर आधी दिसतं, पेशंटच्या चेहऱ्यावर नंतर. आम्ही आयटीवाले सर्व्हरचा डॅशबोर्ड बघतो ना, तसंच. फक्त इथे तो हाताने भरायचा, आणि शेजारच्या दोन खाटांवरही कळा चालू असतात. डॉक्टरला कधी बोलवायचं हे बहुतेक वेळा याच कागदावरून ठरतं.

आता पोट दाबण्याचं. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, मग वार पडते. त्यानंतर पिशवी आकसून चेंडूसारखी घट्ट व्हायला हवी, म्हणजे आतल्या उघड्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ती सैल राहिली तर रक्त वाहत राहतं, आणि ते थोड्या वेळात भयंकर वाढू शकतं. भारतात बाळंतपणात बाया दगावण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून पहिले दोन तास सिस्टर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून बघते, सैल वाटलं तर चोळते. दुखतं, हे खरं. पण नातेवाइकांना जो छळ वाटतो, ती तपासणी असते. “पिशवी घट्ट झाली का बघतेय हं” एवढं एक वाक्य ती बोलली असती तर निम्मा राग गेला असता. ते वाक्य बरेचदा बोललं जात नाही.

आणि ओरडणाऱ्या सिस्टर खऱ्याच आहेत, हेही बोलूया. कळा देणाऱ्या बाईला टोमणे मारणं, दरडावणं. गर्दी होती, स्टाफ कमी होता, हे कारण झालं. ते उत्तर नाही. सरकारनेही हे मान्य केलंय. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात लेबर रूममधली सन्मानाची वागणूक हा वेगळा मुद्दाच आहे.

मला मात्र गंमत शब्दांची वाटते. आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो, म्हणजे बहीण, पण हाक मारतो सलाईन संपलं म्हणून. मिडवाइफला तर बोलीत धड शब्दच नाही. ‘सुईण’ म्हटलं की गावातली न शिकलेली म्हातारी डोळ्यांसमोर येते, आणि ‘प्रसाविका’ फक्त सरकारी कागदावर. जीएनएम या तीन वर्षांच्या कोर्समधला ‘एम’ म्हणजे मिडवाइफरी, हे किती जणांना माहीत असतं? मग “साधी नर्स तर आहे” हे वाक्य सहज तोंडात येतं. गावात उलटं. उपकेंद्र साधारण पाच हजार लोकांसाठी, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजारांसाठी. तिथली नर्सबाई कुणाचं कितवं बाळंतपण हेही सांगते, आणि लोक तिचं ऐकतात.

जाता जाता एक कामाची गोष्ट. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत लेबर रूममध्ये एक सोबतीण राहू शकते, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. आई, सासू, बहीण, कुणीही. आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही आत घेतात. ॲडमिट करतानाच विचारा. आत गेलेल्या बाईला तो कागदही दिसतो, आणि दर पंधरा मिनिटांनी पोटावर येणारा हातही.