बंब आल्यावर अधिकारी आधी काय बघतो?

पेटलेल्या घरापुढे बंब थांबला की गर्दीतून एकच ओरड होते, ‘पाणी मारा!’ नेमका तेव्हाच बंबावरचा प्रमुख घराला चक्कर मारायला निघतो. लोक चिडतात. पण माणसं आत पाठवायची की बाहेरूनच लढायचं, हे त्या मिनिट-दीड मिनिटाच्या चकरेतच ठरतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावासाठी बंब येतो तो शहरातून. तो पोचेपर्यंत आग बरीच पुढे गेलेली असते. म्हणून अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आत कोणी आहे का? आणि त्याच दमात दुसरा, पेटून किती वेळ झाला? लाकूड साधारणपणे मिनिटाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त कोळसा होत जातं. अर्ध्या तासात आठ इंची सागवानी खांबाची प्रत्येक बाजू जवळपास दोन सेंटिमीटर जळते. खांब तरीही उभा राहू शकतो. आधी दगा देतात ते सांधे, जिथे तुळई खांबावर टेकते.

मग धूर. त्याच्या रंगापेक्षा त्याचा जोर जास्त सांगतो. संथ वर जाणारा धूर म्हणजे आगीला अजून जागा आहे. दाट काळा धूर दाबाने, उसळ्या मारत बाहेर पडत असेल, तर आतली हवाच पेटायच्या बेतात आहे. छताखालचं तापमान 500 ते 600 अंश सेल्सिअसला पोचलं की खोलीतलं सगळं जवळजवळ एकदमच पेट घेतं. त्या क्षणी आत असलेला जवान, अंगात संरक्षक पोशाख असूनही, फार वेळ तग धरत नाही. दारं-खिडक्या बंद, ज्वाळा दिसत नाहीत आणि फटींतून धूर बाहेर येऊन पुन्हा आत ओढला जातोय, हे दृश्य सगळ्यांत फसवं. आत उष्णता आहे, फक्त हवा नाही. असं दार धाडकन उघडलं तर स्फोटासारखा भडका समोरच्यावर येतो. म्हणून आधी वरची कौलं काढून धुराला वाट करून देतात, आणि तेही भरलेला पाइप हातात असेल तरच.

यानंतर छत. खानदेशात धाब्याची घरं अजून आहेत: खाली तुळया, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. माती जळत नाही, त्यामुळे बाहेरून घर सुरक्षित वाटतं. हिशेब करून बघा. वीस बाय पंधरा फुटांच्या खोलीवर अर्धा फूट माती धरली तरी वजन साडेसहा-सात टनांच्या आसपास जातं, आणि ते पेललेलं असतं खालून जळणाऱ्या लाकडांनी. अशा धाब्यावर पाणी ओतलं तर माती ते पिऊन आणखी जड होते. गच्चीवर चढून घागरी रिकाम्या करणाऱ्या शेजाऱ्यांना म्हणूनच आधी खाली उतरवावं लागतं. पत्र्याच्या शेडची तऱ्हा वेगळी. 550 अंशांच्या आसपास लोखंडाची निम्मी ताकद जाते. लाकूड कडकडून थोडी तरी सूचना देतं. लोखंडी सांगाडा वाकू लागला की तो कधी बसेल याचा नेम नसतो.

इमारत अशी अचानक बसली तर किती महाग पडतं, ते मुंबईने पाहिलं आहे. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवण्याचं काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. त्या दुर्घटनेत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई असे चार अनुभवी अधिकारी आपण गमावले. त्यांतल्या दोघांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडला. आगीशी झुंजण्यात आयुष्य घालवलेली ही माणसं होती. म्हणूनच माझं ठाम मत आहे: आत वाचवायला कोणी उरलं नसेल तर जुन्या लाकडी घरात एकाही जवानाने शिरू नये. इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर राखून बाहेरून पाणी मारावं. घर पुन्हा बांधता येतं.

गावात आणखी एक अडचण असते ती भावाची वाट बघत घरात भरून ठेवलेल्या कापसाची. ढिगावर पाणी मारलं तर वरचा थर भिजतो, ठिणगी आत धुमसत राहते. ढीग उघड्यावर ओढून, उसकटून, थोडा थोडा भिजवावा लागतो, नाहीतर रात्री पुन्हा पेट घेतो. चाऱ्याच्या गंजीचंही तसंच. आणि भिंतीला भिंत लागलेली घरं असतील तर पहिलं पाणी पुष्कळदा पेटलेल्या घराला मिळतच नाही. ते वाऱ्याच्या दिशेच्या शेजाऱ्याच्या छपरावर जातं. घरमालकाला ते बघवत नाही, पण गल्ली वाचते ती त्यामुळेच.

तुमच्या गावात अशी वेळ आली तर 101 किंवा 112 ला फोन करा, वायरमनला सांगून वीज बंद करून घ्या आणि बंबाला रस्ता मोकळा ठेवा. अधिकारी उतरताच एकाच जाणत्या माणसाने पुढे होऊन सांगावं: आत कोण आहे, गॅसची टाकी कुठे आहे, कापूस किंवा फवारणीची औषधं कोणत्या खोलीत आहेत, छत कशाचं आहे आणि जवळची पाण्याने भरलेली विहीर कुठे आहे.