सजेस्ट म्हणजे काय? मराठी अर्थ आणि योग्य वापर

इन्स्टाग्राम उघडलं की ‘सजेस्टेड फॉर यू’ दिसतं. ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘चांगला मोबाईल सजेस्ट करा.’ रोजच्या वापरातल्या या शब्दाचा नेमका अर्थ काय, ते पाहूया.

सजेस्ट हे क्रियापद आहे. त्याचे मुख्य अर्थ तीन:

१. सुचवणे: ‘ही सजेस्टेड अ मूव्ही.’ म्हणजे त्याने एक सिनेमा सुचवला.

२. संकेत मिळणे: ‘द रिपोर्ट सजेस्ट्स अ प्रॉब्लेम.’ म्हणजे रिपोर्टवरून काहीतरी अडचण असावी असं दिसतं.

३. आडून म्हणणे: ‘आर यू सजेस्टिंग आय लाइड?’ म्हणजे मी खोटं बोललो, असं तुला म्हणायचंय का?

सजेस्टपासून झालेलं नाम म्हणजे सजेशन. मराठीत आपण त्याला ‘सूचना’ म्हणतो. पण ‘सूचना’ फलकावरची असेल तर ती पाळावी लागते. सजेशनचं तसं नाही. ते मानायचं की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं.

नेहमी होणाऱ्या दोन चुका

‘सजेस्ट मी अ बुक’ असं आपण सर्रास लिहितो, कारण मराठीत ‘मला पुस्तक सुचव’ म्हणतो. प्रमाण इंग्रजीत मात्र ‘सजेस्ट अ बुक टू मी’ किंवा नुसतं ‘कॅन यू सजेस्ट अ बुक?’ बरोबर.

‘आय सजेस्ट टू गो’ हेही चूक. ‘आय सजेस्ट गोइंग’ किंवा ‘आय सजेस्ट वी गो’ म्हणा.

फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

‘स्टडी सजेस्ट्स’ म्हणजे अभ्यासातून तसा संकेत मिळतो, ते सिद्ध झालं असं नाही. अमुक पदार्थाने शुगर कमी होऊ शकते, असं अभ्यास ‘सजेस्ट’ करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत त्याचं ‘शुगर कायमची बरी होते, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ असं होतं. ते वाचून घरातल्या कुणी गोळ्या बंद केल्या, तर एका शब्दाची चूक जिवावर बेतू शकते.

‘सजेस्टेड’ पोस्टचंही तसंच. तुम्ही आधी काय पाहिलं, काय लाईक केलं, यावरून अ‍ॅप ती निवडतं. ती खरी आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच तपासावं लागतं.