गोष्ट अर्धी राहते तेव्हा

पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. आंबेनळी घाटाकडे निघालेल्या गाड्यांना प्रतापगड गाठायची घाई असते, त्यामुळे तिकडे वळणारे थोडेच. परमानंदांचे ‘शिवभारत’ अपुरे राहिले: ३१ अध्याय पुरे, ३२ व्याचे नऊ श्लोक, आणि पुढे काही नाही. ‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’ (२०१६) या चित्रपटातला एकडोळ्या पोरगाही गावच्या बाजारात रोज एका सामुराईची गोष्ट रंगवतो आणि सांजेची घंटा झाली की ती अर्ध्यावर टाकून घराकडे पळतो.

त्या बाजारातला प्रसंग या चित्रपटातला सर्वांत देखणा. हा पोरगा, कुबो, शामिसेन हे तंतुवाद्य छेडतो, रंगीत कागद आपसूक दुमडतात, चिमुकला सामुराई उभा राहतो आणि कागदाची कोंबडी आग ओकू लागते. हे सारे स्टॉप-मोशनने केलेले. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १४४०. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या त्या याच युक्तीने. अमेरिकेतल्या ओरेगनच्या ‘लायका’ स्टुडिओने तिला त्रिमितीय छपाईची जोड दिली आणि पात्रांच्या हावभावांसाठी चेहऱ्यांचे असंख्य सुटे भाग छापून घेतले. पाण्यासाठी मात्र संगणक लागलाच. राक्षसी सांगाड्याची बाहुली तर तब्बल १६ फुटांची! दृश्य-परिणामांसाठी ऑस्कर नामांकन मिळवणारा हा दुसराच अॅनिमेशनपट. पहिला ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’, तोही बाहुल्यांचाच.

खरी अडचण कुबोचा प्रवास सुरू झाल्यावर येते. तलवार, चिलखत आणि शिरस्त्राण शोधायचे, प्रत्येक ठिकाणी एक संकट झेलायचे. व्हिडिओ गेमची पातळी ओलांडावी तशी गोष्ट पुढे सरकते. त्याच्या सोबतीच्या भुंगा-योद्ध्याचे विनोद नेमके तिथे येतात जिथे गप्प बसायला हवे होते. गोष्ट जपानची, पण इंग्रजीत प्रमुख पात्रांना आवाज देणारे बहुतेक गोरे नट. यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. मुखवटे घातलेल्या दोन जुळ्या बहिणी मात्र अंगावर काटा आणतात. त्या कुबोच्या सख्ख्या मावश्या, आणि त्याचा उरलेला डोळा न्यायला आलेल्या. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हा धक्का जरा जास्तच बसतो. लहान पोरांना रात्री दाखवू नये.

हे कसब आपल्या भागातल्या गोष्टीला लाभले तर? पोलादपूरजवळच्या उमरठच्या तानाजीची, दोर घेऊन कडा चढणारी यशवंती घोरपड इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, पण बाहुलीच्या चित्रपटाला याहून चांगले पात्र कुठे मिळणार? खवल्यांची शेपटी, कड्याला रुतलेली नखे, कमरेचा दोर. फक्त तिला विनोद करायला लावू नये.

‘कुबो’चा शेवट मला अजून पटलेला नाही. खलनायक असलेल्या कुबोच्या आजोबांची स्मृती जाते आणि तू भला माणूस होतास, दयाळू होतास, असे गावकरी त्यांना एकेक करून सांगतात. ज्यांची घरे नुकतीच जळाली, तेच लोक! कल्पना धाडसाची आहे. पण या माणसांच्या मनात राग आला कधी आणि विरला कधी, हे दाखवायला दोन मिनिटेही दिलेली नाहीत. १०१ मिनिटांच्या चित्रपटात तेवढी जागा भुंग्याच्या विनोदांतून सहज काढता आली असती.