फसलेली शिष्टाई

खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मैदान तरी येते, नाही तर पट तरी. आज ज्या खेळाविषयी आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत त्याला मैदान लागत नाही, आणि पट नसला तरी अडत नाही. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एकजण सूत्रधार होतो; बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो. इंग्रजीत याला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण भूमिकांचा खेळ म्हणू. पुण्यामुंबईतही तो खेळणारी मंडळी आता आहेत, आणि श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरची मुले त्यांत असतील.

या खेळातला एकच प्रश्न आज विचाराला घेऊ. पात्राची तलवार चुकली तर पुढे काय करावयाचे हे नियमांत स्वच्छ सांगितलेले असते. परंतु पात्राचा शब्द वाया गेला, विनवणी फेटाळली गेली, शिष्टाई फसली, तर काय करावयाचे? प्रश्न दिसतो लहान; पण खेळ रंगतो की विरतो हे पुष्कळदा येथेच ठरते.

अडचणीचे मूळ या खेळाच्या जन्मात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला प्रसिद्ध खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही युद्धखेळांत मुरलेले. छोट्या बाहुल्यांच्या फौजा मांडून लढाया खेळणारे. त्यामुळे वार कसा करावा, चिलखत किती वाचवते, जखम किती खोल, यांचे हिशेब खेळात आरंभापासून आले. बोलण्याचा हिशेब मात्र त्रोटक राहिला.

त्रोटक असला तरी तो अडाणी नव्हता, हे सांगितले पाहिजे. गुहेत कोणी अनोळखी प्राणी भेटला की सूत्रधाराने दोन फासे टाकून त्याचा कल पाहावा, अशी तरतूद होती. १९८१ च्या आवृत्तीतले कोष्टक पाहण्यासारखे आहे. बेरीज दोन आली तर तो तत्काळ हल्ला करतो. तीन ते पाच आली तर वैरभाव दाखवतो. सहा ते आठ आली तर त्याचा निश्चय होत नाही. नऊ ते अकरा आली तर तो निघून जातो किंवा तुमचे म्हणणे विचारात घेतो. बारा आली तर थेट मैत्री. दोन फाशांची एकंदर ३६ दाने होतात. त्यांपैकी तत्काळ हल्ल्याचे एक, मैत्रीचेही एक, आणि अनिश्चयाची तब्बल सोळा. म्हणजे भेटलेला प्राणी बहुधा शत्रूही नसतो आणि मित्रही नसतो. तो तुमच्याकडे पाहत उभा असतो. जगातल्या बहुतेक भेटी अशाच असतात.

पुढे हा मधला प्रदेश अनेकांच्या खेळातून निसटला. आता बहुतेक ठिकाणी वीस बाजूंचा एक फासा टाकतात. ठरलेल्या आकड्याइतके किंवा वर दान पडले तर होकार, खाली पडले तर नकार. समजा, आपली मंडळी रात्री एका नगराच्या वेशीशी पोचली आहेत. सोबती जखमी आहे, दरवाजा बंद आहे. एक खेळाडू पहारेकऱ्याला विनवतो, फासा टाकतो, चार पडतात. सूत्रधार म्हणतो, “तो नाही म्हणतो.” आणि खेळ थांबतो. मग दोहोंपैकी एक घडते. एक तर दुसरा खेळाडू म्हणतो, “मी विचारून पाहतो,” मग तिसरा, मग चौथा. प्रत्येकाला यशाची निम्मी संधी असेल, तर चौघेही हरण्याचा संभव सोळांत एक उरतो. अशा नकाराला काय किंमत राहिली? किंवा कोणी कंटाळून म्हणतो, “मी तलवार काढतो.” तलवारीत निदान पुढचा डाव तरी असतो.

आमच्या मते खरे नुकसान हेच आहे. लढाईत एक वार हुकला म्हणून लढाई संपत नाही. माघार घेता येते, आडोसा घेता येते, दमाने पुन्हा चाल करता येते. बोलण्याला मात्र एकाच दानाचे आयुष्य मिळते. ज्या मेजावर फसलेल्या शब्दाच्या वाट्याला केवळ भिंत येते, तेथले खेळाडू चार बैठकांत शिकतात की बोलण्यात अर्थ नाही. पुढे ते विचारीतच नाहीत, मारतात. मारणे त्यांच्या स्वभावात होते असे नाही, बोलण्याची वाट कोणी मोकळी ठेवली नाही, एवढेच.

यावर उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत.

पहिला उपाय फासा हाती घेण्यापूर्वीचा. या मागणीला फासा लागतो का, हे सूत्रधाराने स्वतःला विचारावे. राजाला त्याचे राज्यच मागितले तर तो देणार नाही. तेथे वीस पडले तरी काय? उलट भुकेल्याला भाकरी देऊ केली तर तो घेणारच. दोन्ही वाटा खरोखर खुल्या असतील तेथेच दान टाकावे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या सूत्रधारग्रंथात समोरच्या पात्राचे मित्रभावी, तटस्थ आणि वैरी असे तीन भाव मानले आहेत. वैरी पात्राला उत्तम दानानेही वळवले तरी ते तुमच्यासाठी धोका पत्करीत नाही. फुकट होण्यासारखे असेल तेवढे करते. ही मर्यादा आधी ओळखली की पुष्कळ खोट्या आशा आणि खोट्या निराशा टळतात.

दुसरा उपाय म्हणजे नकाराला कारण देणे. पहारेकरी नाही म्हणतो, पण का? त्याला कशाची भीती आहे, त्याला काय हवे आहे, एवढे सूत्रधाराने मनाशी योजून ठेवले तर तेच चार पडल्यावर निराळे उत्तर येते. “परवाच एका जखमी वाटसरूला आत घेतले. सकाळी पाहतो तो तीन घरे फोडलेली. आता माझी नोकरी जायची पाळी आली आहे.” दरवाजा अजून बंदच आहे, नकार पुरता नकारच आहे. परंतु खेळाडूंच्या हाती आता तीन धागे आले: नगरात चोरी झाली आहे, या माणसावर ठपका आहे, आणि त्याची नोकरी धोक्यात आहे. कोणी म्हणेल, “आमची शस्त्रे तुझ्यापाशी ठेव.” कोणी म्हणेल, “आम्ही बाहेरच थांबतो, तू वैद्याला इकडे पाठव.” कोणी त्या चोराचाच माग काढू म्हणेल. नकाराने माणूस ओळखीचा झाला आणि कथा पुढे सरकली.

तिसरा उपाय होकार आणि नकार यांच्यामधली जागा परत मिळवण्याचा. २०१० साली निघालेल्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळाने हे नियमातच बसवले. दोन फाशांची बेरीज दहा किंवा वर आली तर पुरते यश. सात ते नऊ आली तर यश, पण किंमत मोजून. सहा किंवा खाली आली तर सूत्रधाराने काहीतरी घडवावयाचे. वाढघट सोडली तर ३६ पैकी सहा दाने पुऱ्या यशाची, पंधरा किंमतीच्या यशाची आणि पंधरा अपयशाची. ‘काही घडत नाही’ याला तेथे जागाच नाही. आपल्या खेळात नियम निराळे असले तरी हा विवेक उसना घेता येतो. दान थोडक्यात हुकले तर पहारेकरी लाच मागेल, किंवा मंडळींपैकी एकालाच आत घेईल. दान फारच वाईट पडले तर तो शिंग फुंकून वरिष्ठाला बोलावील. वेळ गेला, बातमी पसरली, नवे माणूस आले. हेही परिणामच आहेत.

चौथा उपाय, पडलेले दान मानण्याचा. ‘बर्निंग व्हील’ नावाच्या खेळात असा दंडक आहे की एकदा दान पडले की परिस्थिती खरोखर पालटेपर्यंत ते कायम; खेळाडूने पुन्हा टाकू नये आणि सूत्रधारानेही पुन्हा टाकावयास लावू नये. चौघांनी ओळीने तीच विनवणी करणे येथे संपते. नवी देणगी, नवा पुरावा, पहारेकऱ्याच्या ओळखीचा माणूस असे काही आणले, तर ती नवी शिष्टाई झाली. तिला नवे दान मिळावे. याच खेळात वादविवादाचेही नियम आहेत, आणि त्यांत जिंकणाऱ्यालाही चुरशीच्या मानाने काही सोडावे लागते. घरातल्या वादांना हा नियम असता तर किती बरे झाले असते, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात येईल!

आता थोडे पात्रांविषयी नव्हे, मेजाभोवतीच्या माणसांविषयी. एखादा मुलगा मुळात अबोल असतो. त्याने घेतलेले पात्र मात्र वाक्पटु राजदूताचे असते. त्याच्याकडून सभा गाजवणाऱ्या भाषणाची अपेक्षा करू नये. तलवारबाज झालेल्याला आपण खरी तलवार फिरवावयास लावीत नाही. “कोणाला, काय आणि कशाच्या आधारावर सांगतोस?” एवढे विचारले म्हणजे पुरे. उलट एखादी मुलगी सुरेख बोलते आणि फासा एक दाखवतो. अशा वेळी ‘तुझी बोबडी वळली’ असे म्हणून तिची फजिती करणे हा सूत्रधाराचा आळस होय. बोलणे चांगलेच झाले. पण ऐकणाऱ्याचे कान दुसऱ्या कोणी आधीच भरले होते, असे म्हणावे. अपयश परिस्थितीच्या पदरात घालावे, बोलणाऱ्याच्या नव्हे. असे दोनदा झाले तर अबोल मुलगाही तिसऱ्यांदा तोंड उघडतो.

एक पथ्य खेळाडूंनीही पाळावे. सोबत्याच्या पात्राचे मन फाशाने वळवू नये. ते मन त्या सोबत्याचे आहे. त्याला पटवावयाचे तर साध्या बोलण्याने पटवावे, आणि त्याने नाही म्हटले तर ते नाही मानावे.

हे सारे परक्या देशातले वाटत असेल तर उद्योगपर्व आठवावे. श्रीकृष्ण हस्तिनापुरास शिष्टाईला गेले. पाच गावांवरही तडजोड होईना. दान साफ उलटे पडले, असे आपल्या खेळाच्या भाषेत म्हणता येईल. पण व्यासांनी कथा तेथे अडवून ठेवली नाही. नकार देणारा दुर्योधन कोण आहे हे भर सभेत उघड झाले, दूताला बांधण्याचा बेत झाला, विश्वरूप प्रकटले, आणि परतताना श्रीकृष्णांनी कर्णाला त्याच्या जन्माचे रहस्य सांगितले. तेथेही मन वळवण्याचा यत्न झाला आणि तोही फसला, परंतु त्या नकाराने कर्ण जेवढा मोठा झाला तेवढा तो होकाराने झाला नसता. एका फसलेल्या शिष्टाईतून एवढे निघाले.

मेजावरच्या खेळात एवढे नको. नाही म्हणणाऱ्याला कारण असावे, त्या कारणातून वाट फुटावी, आणि विचारणाऱ्याला पुन्हा विचारण्याचा धीर उरावा, इतके साधले तरी पुष्कळ झाले. आपल्या घरातली मुले रात्री फासे मांडून बसली आणि कोणा काल्पनिक पहारेकऱ्याची मनधरणी करताना दिसली, तर त्यांना हसू नये. नकार ऐकून तलवारीला हात न घालता दुसरा शब्द कसा शोधावा, याचा अभ्यास तेथे चाललेला असतो.