पाषाणाचं घड्याळ, स्फटिकांचा शेजार

अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून वाघूर डोंगर सोडते आणि जामनेर तालुक्यात उतरते. लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, तोच इथे कपाशीच्या आणि केळीच्या मातीखाली पसरला आहे. विहीर खोदणाऱ्याला आधी मुरूम लागतो, मग सुरुंगाशिवाय न हलणारा दगड. एखाद्या सुरुंगाने दगडाच्या पोटातली पोकळी उघडते आणि आत पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवट स्फटिक चमकतात. जळगाव परिसरातले असे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत पोचले आहेत.

दगड कधी थिजला आणि स्फटिक कसा रचला गेला, हे दोन वेगळे प्रश्न. असेंद्रिय रसायनशास्त्राकडे त्यांच्यासाठी दोन वेगळी हत्यारं आहेत : किरणोत्सारी ऱ्हास आणि अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजेच एनएमआर. दोन्ही अणूच्या केंद्रकालाच विचारतात, पण उलट बाजूंनी. अणू कुठल्या संयुगात अडकलाय, भोवती ऊन आहे की पाऊस, याचं ऱ्हासाला जवळपास काहीच सोयरसुतक नसतं. म्हणून तर त्याचं घड्याळ होतं. एनएमआरला मात्र शेजारी कोण राहतं, हेच जाणून घ्यायचं असतं.

घड्याळ आहे पोटॅशियमचं. केळीला घालतात त्या पोटॅशमध्येही पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक पोटॅशियम-४० असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. ऱ्हास पावणाऱ्या अणूंपैकी ८९ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम होतात; पण लाव्हा थिजून झालेल्या या काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये, मुळातच कॅल्शियम रग्गड असल्याने त्यांचा हिशेब लागत नाही. उरलेले आर्गॉन-४० होतात. आर्गॉन कुणाशीही बंध न करणारा वायू. लाव्हा पातळ असेपर्यंत तो निसटतो आणि खडक थिजला की आतच कोंडला जातो. तिथून मोजणी सुरू.

१९६०च्या दशकात या पद्धतीला नवं वळण मिळालं. नमुना अणुभट्टीत ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला की त्यातल्या पोटॅशियम-३९चा काही भाग आर्गॉन-३९ होतो. मग पोटॅशियम वेगळं मोजावं लागत नाही. दोन आर्गॉनांचं प्रमाण एकाच वस्तुमान वर्णपटमापकावर मिळतं. नमुना टप्प्याटप्प्याने तापवतात आणि प्रत्येक टप्प्याला तेच वय निघालं, तरच ते खरं धरतात. मुंबईच्या आयआयटीत अशी प्रयोगशाळा आहे.

दख्खनच्या लाव्हाचं वय यातून सुमारे ६.६ कोटी वर्षं निघतं. वाद आहे तो बारकाव्यांचा. २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी आपले आकडे मांडले : बर्कलीच्या गटाने आर्गॉनवरून, प्रिन्स्टनच्या गटाने झिरकॉनमधल्या युरेनियमच्या ऱ्हासावरून. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला, यावर दोघांचं जमतं. डायनोसॉर संपवणाऱ्या उल्कापाताच्या आधी किती आणि नंतर किती, यावर जमत नाही.

वय मोजणाऱ्याला दगड ताजा लागतो. पाणी मुरून कुजलेल्या खडकातून आर्गॉन गळतो, पोटॅशियम जागा बदलतं. स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या म्हणजे पाणी मुरल्याचा पुरावाच. संग्राहक ज्यावर जीव टाकतो, तोच तुकडा कालमापन करणारा बाजूला सारतो.

एनएमआरची तऱ्हा उलटी. काळ्या बेसॉल्टमधलं चुंबकीय लोह त्याचा संकेत पार विस्कटून टाकतं, पारदर्शक स्फटिक मात्र त्याच्या हातात नीट येतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली केंद्रकं ठरावीक रेडिओ वारंवारतेला प्रतिसाद देतात आणि शेजारचे अणू बदलले की ती वारंवारता किंचित सरकते. घन पदार्थात हे संकेत पसरट होतात. त्यावर १९५०च्या दशकाअखेर उपाय सापडला : नमुन्याची कुपी चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन करून भोवऱ्यासारखी फिरवायची. आज ती सेकंदाला हजारो फेरे घेते.

१९८०च्या सुमारास एस्टोनियातल्या एंडेल लिप्मा यांच्या गटाने ही युक्ती सिलिकॉन-२९वर वापरली. निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये हा जेमतेम ४.७ टक्के, पण तेवढ्याने भागतं. स्टिल्बाइट ज्या गटातलं, त्या झिओलाइट खनिजांच्या जाळीत प्रत्येक सिलिकॉनला ऑक्सिजनपलीकडे चार शेजारी असतात. त्यांपैकी ॲल्युमिनियम किती, शून्य ते चार, त्यानुसार वर्णपटात पाच वेगळ्या जागा ठरतात. स्टिल्बाइटमध्ये तीन सिलिकॉनमागे एक ॲल्युमिनियम हे प्रमाण साध्या पृथक्करणातूनही कळतं. ते जाळीत कसं विखुरलंय, हे एनएमआर सांगतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कृत्रिम झिओलाइटांचे उत्प्रेरक घडवले, तिथेही हेच तंत्र कामी आलं, कारण उत्प्रेरकाची ताकद ॲल्युमिनियमच्या जागेवर ठरते.

अपोफिलाइट मात्र दोघांनाही चालतो. त्याच्या स्फटिकात सिलिकॉनची एकच तऱ्हेची जागा असल्याने एनएमआरमध्ये एकच रेघ उमटते. ॲल्युमिनियम रचनेत नाहीच. पोटॅशियम मात्र आहे, म्हणून घड्याळही लागू पडतं. २०१९मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दख्खनच्या अपोफिलाइटांची वयं पोटॅशियम-आर्गॉन आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियम या दोन्ही घड्याळांनी तपासली गेली. त्यांतले काही स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी वाढलेले निघाले. लाव्हा केव्हाच निवला होता. भेगांतून झिरपणारं पाणी मात्र त्यानंतरही सिलिका, चुना आणि पोटॅशियम वाहून आणत राहिलं होतं.